नाशिकमध्ये नव्याने राहायला आलात? घरात कुणी घुसलं तर काय करायचं आणि कायदा काय म्हणतो

बदली होऊन आलेली, सातपूर-अंबडच्या कंपन्यांत नव्याने लागलेली, नाहीतर निवृत्तीनंतर मुंबईचा फ्लॅट विकून इथे रो हाऊस घेतलेली माणसं माझ्याकडे भाडेकरार आणि खरेदीखतासाठी येतात. कागदांचं काम उरकलं की जाता जाता एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, रात्री कुणी घरात घुसलं आणि आपण त्याला मारलं, तर केस आपल्यावर होते का?" मी इथल्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि पाथर्डी फाट्याजवळ एका रो हाऊसमध्ये राहते. त्यामुळे हा प्रश्न मी कोर्टातही पाहिला आहे आणि स्वतःच्या दारातही.

दारातली गोष्ट आधी सांगते. राहायला येऊन तीन महिनेही झाले नव्हते. डिसेंबरची थंडी, पहाटेचे तीन वाजले असतील. लोखंडावर तार घासल्यासारखी बारीक खरखर ऐकू आली. आधी उंदीर वाटला. सकाळी पाहिलं तर सेफ्टी डोअरच्या जाळीला रुपयाएवढं भोक पाडलेलं होतं, आणि लाल वेष्टन सोलून टोकाला आकडा केलेली वायर तिथेच पडलेली. त्या आकड्याने बाहेरच्या दाराची कडी चोरांनी उचलली होती. आतल्या लाकडी दाराला वर-खाली दोन टॉवर बोल्ट होते, तिथे ते अडले. तेवढ्यात मिस्टरांनी पोर्चचा दिवा लावला, सासूबाईंनी स्वयंपाकघरातून परात आणून बडवायला सुरुवात केली आणि दोघं जण कंपाउंडवरून उडी मारून पळाले. मिस्टर बॅट घेऊन मागे धावायला निघाले. सासूबाईंनी त्यांची बाही धरली आणि म्हणाल्या, "गेले ना? मग बास झालं."

पुढे दिलेली सगळी कलमं त्या एका वाक्याभोवतीच फिरतात. स्वसंरक्षणाचा हक्क धोका सुरू झाला की सुरू होतो आणि धोका टळला की संपतो. कायदा सारखी वेळ विचारतो : दिवस होता की रात्र, पोलिसांना बोलवायला सवड होती का, तुम्ही वार केलात तेव्हा तो पुढे येत होता की पाठ फिरवून पळत होता. आणि घराची सगळी तयारी करायची ती वेळ मिळवण्यासाठीच.

पहिल्या आठवड्यात : ठाणं, पत्ता, शेजार

आपलं घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं ते आधी शोधा. शहरात पोलीस आयुक्तालय आहे. पंचवटी, म्हसरूळ, आडगाव, गंगापूर, सातपूर, अंबड, इंदिरानगर, मुंबई नाका, उपनगर, नाशिक रोड ही ठाणी त्यात येतात. ओझर, दिंडोरी, सिन्नर इकडे घर असेल तर ग्रामीण पोलीस अधीक्षकांची हद्द. वाढत्या वस्त्यांमध्ये रस्त्याच्या अलीकडे एक ठाणं आणि पलीकडे दुसरं असं सर्रास असतं. ठाण्यात एकदा स्वतः जाऊन या. दिवसाचे अंमलदार कोण, आपल्या भागात बीट मार्शल (गस्तीचा पोलीस) कोण, त्यांचा नंबर काय, हे विचारायला संकोच करू नका. भाड्याने राहत असाल तर घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांना दिली आहे का तेही पाहून घ्या. 2027 च्या सिंहस्थाच्या काळात तर शहरात खोल्या भाड्याने देण्या-घेण्याची झुंबड उडणार आहे, तेव्हा हे काम आत्ताच झालेलं बरं.

आणीबाणीचा नंबर 112. तो सगळ्यांना पाठ असतो, पण पत्ता सांगताना माणसं अडखळतात. "फाट्यावरून आत या, दत्त मंदिराच्या मागे" असं म्हणून भागत नाही, कारण दत्त मंदिरं चार आहेत. एका कागदावर कॉलनीचं नाव, रो हाऊसचा क्रमांक, जवळची ठळक खूण आणि मुख्य रस्त्यावरून किती वळणं, एवढं चार ओळींत लिहा आणि तो कागद पलंगाजवळच्या भिंतीवर चिकटवा. घराचा क्रमांक गेटवर मोठ्या अक्षरांत, दिव्याखाली लावा. गस्तीची गाडी गल्लीत येऊन घर शोधत फिरली असं होता कामा नये.

शेजाऱ्यांशी ओळख करून घ्या हे वेगळं सांगायला नको. एक मात्र ठरवूनच टाका : रात्री कोणत्या दोन घरांना फोन करायचा आणि त्यांनी काय करायचं. त्यांनी बाहेर न येता आपापले सगळे दिवे लावायचे आणि आरडाओरडा करायचा. आमच्या गल्लीत हे ठरलेलं आहे.

दार, कडी आणि मीटरची पेटी

रोजच्या पेपरात "कडी-कोयंडा तोडून घरफोडी" हे शब्द तुम्ही वाचता ते उगीच नाही. बाहेरून लावलेलं कुलूप कितीही भारी असो, कोयंडा साध्या चार स्क्रूंवर असेल तर कटावणीच्या एका हिसक्यात निघतो. सुताराला बोलवा आणि कोयंडा आरपार नट-बोल्टने बसवून घ्या. मुख्य दाराला आतल्या लिव्हरचं कुलूप असलं म्हणजे घराला टाळं आहे हे रस्त्यावरून दिसतही नाही. सेफ्टी डोअरच्या कडीला पत्र्याचं आवरण लावा, म्हणजे जाळीतून वायर घालून ती उचलता येणार नाही. आतल्या दाराला वर आणि खाली असे दोन बोल्ट लावा. मागचं दार, धुण्याच्या जागेची जाळी आणि गच्चीचा दरवाजा यांकडे लोक फारच कमी लक्ष देतात. आमच्यासारख्या रो हाऊसमध्ये गच्च्या एकमेकींना लागून असतात. शेजारचं एक घर रिकामं असलं तरी तिथून तुमच्या जिन्यात येता येतं.

मीटरची पेटी बहुतेक घरांत बाहेर पोर्चमध्ये असते आणि तिथूनच घराचा मेन स्विच बंद करता येतो. रात्री अचानक दिवे गेले तर दार उघडू नका, आधी खिडकीतून शेजाऱ्यांकडे पाहा. त्यांचे दिवे चालू असतील आणि फक्त आपलेच गेले असतील तर आतच थांबा आणि फोन करा.

कॅमेरे लावणार असाल तर डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा) टीव्हीखाली ठेवू नका. चोर जाता जाता तोही उचलतात. माळ्यावर, कपाटात, जिथे सहज दिसणार नाही तिथे ठेवा. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, आणि घरी असतील तेवढ्यांचे फोटो व सराफाच्या पावत्या मोबाईलमध्ये. फिर्याद देताना "अंदाजे चार तोळे" म्हणणं आणि पावती दाखवणं यात फार फरक पडतो.

एक खोली ठरवा

घरातली एक खोली अशी निवडा की जिथे सगळे पटकन जमू शकतील. तिचं दार भरीव हवं, आतून मजबूत कडी हवी आणि मोबाईलला रेंज हवी. तिथे एक चार्जर, टॉर्च, शिट्टी आणि पत्त्याचा तो कागद ठेवा. मुलांना एकच गोष्ट शिकवा : आई-बाबांनी ठरलेला शब्द उच्चारला की काही न विचारता त्या खोलीत जायचं.

शस्त्रांचं विचारतात. उशाखाली कोयता ठेवणारी घरं मी पाहिली आहेत आणि मला ते अजिबात पसंत नाही. अंधारात, अर्धवट झोपेत, घाबरलेल्या हातात धारदार वस्तू असली की पहिला धोका घरच्यांनाच असतो. मुलगा रात्री पाणी प्यायला उठलेला असू शकतो. मिरची स्प्रे ठेवायला हरकत नाही, पण बंद खोलीत मारला तर तुमच्याही डोळ्यांची आग होईल. बंदुकीला 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. बिनपरवाना पिस्तुलाने तुम्ही खरोखर जीव वाचवलात, तरी ते बाळगल्याचा गुन्हा वेगळा उरतोच. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात. तो लागू असताना लाठ्याकाठ्या घेऊन कॉलनीत फिरणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. रात्रीची गस्त सुरू करायची असेल तर ठाण्याला विचारून करा.

आता कायदा

1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनी कलमं 96 ते 106 आता 34 ते 44 झाली आहेत. मजकूर बराचसा तोच आहे. याला खाजगी संरक्षणाचा हक्क म्हणतात. स्वतःचं किंवा दुसऱ्या कुणाचंही शरीर, आणि स्वतःची किंवा दुसऱ्याची मालमत्ता, या दोन्हींचं रक्षण करण्याचा हक्क कलम 35 देतं. शेजारणीच्या घरात कुणी घुसलं तर तिच्यासाठीही तुम्हाला हा हक्क आहे.

या हक्काला न्याय संहितेच्याच कलम 37 ने लगाम घातला आहे. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला पुरेशी सवड असेल तिथे हा हक्कच मिळत नाही. पुढची सगळी कलमं या अटीसह वाचायची.

जीव घेण्यापर्यंत हक्क कधी जातो? शरीराच्या बाबतीत कलम 38 : मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला, अशा मोजक्या प्रसंगांत. मालमत्तेच्या बाबतीत कलम 41 : जबरी चोरी (मारहाण करून किंवा धाक दाखवून केलेली), सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणं किंवा स्फोटकांनी नुकसान करणं, आणि अशी चोरी, नासधूस किंवा घरात घुसखोरी, की जिच्यामुळे मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. यात न बसणारी साधी चोरी किंवा घुसखोरी असेल तर कलम 42 नुसार इजा करता येते, पण मृत्यू घडवता येत नाही.

आता घरफोडी म्हणजे नक्की काय, हे बारकाईने पाहा. कलम 330 मध्ये तिच्या पद्धती दिल्या आहेत. भिंत चढून येणं, कुलूप उघडणं, बंद दार उघडून आत शिरणं, दारात उभ्या असलेल्या माणसाला ढकलून आत घुसणं, हे सगळं घरफोडीत मोडतं. दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलणं हे तर कायद्याच्या उदाहरणांमध्येच आहे. हे वाचलं तेव्हा मला आमच्या दारातली लाल वायर आठवली. म्हणून रात्री दार बंद आहे की सताड उघडं, याला कायद्यातही अर्थ आहे. उघड्या दारातून कुणी नुसता चालत आत आला, तर ती घुसखोरी झाली खरी, पण घरफोडी ठरेलच असं नाही, आणि मग तुमच्या हक्काचं माप वेगळं लागतं.

मालमत्तेच्या रक्षणाचा हा हक्क संपतो कधी? कलम 43 सांगतं : रात्रीच्या घरफोडीत तो माणूस घरात आहे तोवर. चोरीत, तो माल घेऊन निसटेपर्यंत, किंवा पोलिसांची मदत मिळेपर्यंत, किंवा माल परत मिळेपर्यंत. माझ्या एका अशिलाच्या घरी भरदुपारी चोर शिरला. हातात काही लागायच्या आत तो गेटकडे पळाला. माझ्या अशिलाने आणि दोन शेजाऱ्यांनी त्याला गेटवर गाठलं, खाली पाडलं आणि पाइपने मारलं. पायाचं हाड मोडलं. चोरावर चोरीच्या प्रयत्नाची केस झाली आणि या तिघांवर जबर दुखापतीची. सुरुवातीची दोन मिनिटं ते पूर्णपणे कायद्याच्या बाजूने होते. गेटवरच्या पुढच्या दोन मिनिटांनी त्यांना वर्षानुवर्षं तारखांना यायला लावलं.

याचा अर्थ कोर्ट तुम्हाला प्रत्येक फटक्याचा हिशोब मागतं असा नाही. 2010 च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तत्त्वं मांडली आहेत. अंगावर धोका आलेल्या माणसाने शांत डोक्याने इजेचं वजन करावं अशी अपेक्षा नाही, पळून जायचंच असंही बंधन नाही, आणि रास्त भीती असेल तर प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबायची गरज नाही. पण हा हक्क बचावासाठी आहे, शिक्षा करण्यासाठी नाही, हेही तिथेच म्हटलं आहे. कोर्टात हा बचाव घ्यायचा तर तो दाखवून द्यायची जबाबदारी आरोपीवर येते. मात्र सरकारी पक्षाइतका कडक पुरावा त्याला द्यावा लागत नाही, तसं घडल्याची शक्यता जास्त आहे एवढं दिसलं तरी पुरतं.

मळ्यात राहणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. द्राक्षबागेभोवती किंवा घराच्या कंपाउंडला करंट सोडू नका. तारेला चोर कळत नाही. पहाटे बागेत आलेला मजूर, चेंडू आणायला आलेलं पोर, कुणीही जाऊ शकतं, आणि मग सदोष मनुष्यवधापर्यंत प्रकरण जातं. आणि अंगणातली सळसळ बिबट्याची असेल तर, जे आपल्या नाशिकला नवं नाही, दार लावून घ्या आणि वनविभागाच्या 1926 वर फोन करा.

त्या रात्री

आवाज आला की आधी सगळ्यांना ठरलेल्या खोलीत घ्या आणि कडी लावा. मग 112. पहिल्या वाक्यात पत्ता, दुसऱ्यात "घरात माणसं शिरली आहेत, आम्ही आत कोंडून घेतलं आहे". फोन चालू ठेवा. ही नोंद वेळेसकट राहते आणि तुम्ही पोलिसांची मदत मागितली होती याचा तो उत्तम पुरावा असतो.

नंतर ओरडा, मोठ्याने. "पोलीस निघालेत" असं सांगा. बाहेरचे दिवे आतून लावता येत असतील तर लावा. त्याला पळायची वाट मोकळी ठेवा. चोराला आत कोंडून पकडायची हौस करू नका, कारण कोंडीत सापडलेला माणूस जिवावर उदार होतो. पाच किंवा जास्त जण मिळून जबरी चोरी करत असतील तर तो दरोडा. त्यांनी दागिने मागितले तर देऊन टाका. सोनं पुन्हा घेता येतं.

तो खोलीचं दार फोडून आत आला, तर मात्र मागेपुढे पाहू नका. हाताला लागेल त्याने प्रतिकार करा. कायदा तुमच्या बाजूला आहे. तो खाली पडला, शस्त्र सुटलं किंवा पळायला लागला, की थांबा.

सापडलाच तर? दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) गुन्हा समोर घडला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 40 नुसार सामान्य माणूसही त्याला धरून ठेवू शकतो, पण विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायला हवा. खांबाला बांधून गल्लीने हात धुऊन घेणं हा गुन्हा आहे. आपल्या शेजारच्याच धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, 1 जुलै 2018 रोजी नुसत्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठार मारलं. तुम्ही नव्याने आलेले आहात, गल्लीतले सगळे चेहरे तुम्हाला अजून ओळखीचे नाहीत. अनोळखी दिसला म्हणून कुणाच्या अंगावर हात टाकू नका.

नंतर

कुणी जखमी असेल, चोरसुद्धा, तर 108 ला फोन करा. माणुसकी म्हणून तर कराच, आणि तुमचा हेतू बचावाचा होता हेही त्यातून दिसतं. पंचनामा होईपर्यंत कपाट, कडी, वायर, कशालाही हात लावू नका. घर आवरायची घाई आम्ही केली होती आणि ती वायर सासऱ्यांनी केरात टाकली होती. पोलिसांनी ती केरातून काढली तेव्हा तिच्यावर घरातल्या सगळ्यांचे हात लागलेले होते.

एफआयआर कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन दिला तर तीन दिवसांत सही करावी लागते. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. कॅमेऱ्याचं चित्रण लगेच वेगळं काढून ठेवा, नाहीतर त्यावर नवं चित्रण चढतं. ते पुरावा म्हणून दाखल करताना नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं.

तुमच्या हातून कुणाला इजा झाली असेल तर लपवू नका, गोष्ट फिरवू नका. थोडक्यात खरं सांगा आणि सविस्तर जबाबाआधी वकिलाशी बोला. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे, त्यांचा फोन 15100. महिलांना ही मदत उत्पन्न न पाहता मोफत मिळते.

आमच्या त्या रात्रीनंतर पुढच्या रविवारी आम्ही सगळ्यांनी घड्याळ लावून सराव केला. मिस्टरांनी ठरलेला शब्द उच्चारला आणि आम्ही पलंगावरून उठून ठरलेल्या खोलीत जाऊन कडी लावली. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या खालच्या हॉलमध्ये झोपायच्या, आणि जिना चढून येईपर्यंत जवळजवळ दीड मिनिट गेलं. त्याच संध्याकाळी आम्ही त्यांचा पलंग वर आणला आणि त्यांच्या दाराला पितळी कडी बसवून घेतली.